ट्रेलरच्या एकाच चाकाची हवा सारखी उतरते? सेन्सर बदलण्याआधी वॉल्व्ह पाहा

ट्रेलरला टायर प्रेशर मॉनिटर बसवला, वॉल्व्हच्या टोप्या काढून त्यांच्या जागी सेन्सर फिरवले आणि पहिले काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एकाच चाकाचा आकडा रोज थोडा थोडा घसरायला लागतो. काल भरलेली ८० पीएसआय हवा आज ७६, परवा ७१. भरली की दोन दिवस बरी, नंतर पुन्हा तेच. टायरवाला टायर पाण्यात बुडवून पाहतो, खिळा सापडत नाही. सेन्सर बदलला तरी फरक पडत नाही, किंवा आठवडाभर पडतो आणि पुन्हा गळती सुरू.

अमेरिकेत आणि कॅनडात ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडायचं फिरतं घर, ओढणाऱ्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार मी वारंवार ऐकतो. बहुतेक वेळा कारण एकच निघतं. सेन्सर धड असतो, टायरही धड असतो, पण दोघांच्या मधला रबरी वॉल्व्ह त्या कामाचा नसतो. त्याच्या जागी नटाने आवळून बसणारा धातूचा वॉल्व्ह घातला की दुखणं जातं. मात्र ‘मेटल वॉल्व्ह’ या नावाने दुकानात मिळणारं सगळंच कामाचं नसतं, आणि खर्च करण्याआधी दोष खरोखर वॉल्व्हचाच आहे ना, हे तपासलेलं बरं. म्हणून जरा तपशिलात लिहितो.

मोटारीत हा त्रास सहसा दिसत नाही, कारण तिथे रिम, वॉल्व्ह आणि सेन्सर एकमेकांसाठीच बनवलेले असतात आणि सेन्सर रिमच्या आत असतो. अमेरिकेत १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या, १०,००० पाउंडांपर्यंतच्या जवळजवळ सगळ्या मोटारींना आणि पिकअपना ही यंत्रणा कायद्याने बंधनकारक आहे. ट्रेलर त्या नियमात येत नाहीत. म्हणून ट्रेलरवाला ती नंतर स्वतः विकत घेतो आणि प्लॅस्टिकची हलकी टोपी पेलण्यापुरत्या बनवलेल्या वॉल्व्हवर चढवतो.

हा वॉल्व्ह बहुतेक ट्रेलरांवर टीआर ४१३ नावाचा असतो. रिमच्या ०.४५३ इंच, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या भोकातून आतून ओढून घट्ट बसवलेला, साधारण सव्वा इंच लांबीचा रबरी वॉल्व्ह. त्याचा लांब भाऊ टीआर ४१८. दोघांची मर्यादा ६५ पीएसआय. आता टायरच्या बाजूवर छापलेली लोड रेंज, म्हणजे टायर किती ओझं पेलतो ते सांगणारं अक्षर, पाहा. एसटी प्रकारच्या, म्हणजे खास ट्रेलरसाठी बनवलेल्या टायरांत सी रेंजला ५० पीएसआय लागतात, डी ला ६५, ई ला ८०, जी ला ११०. डी रेंजवर रबरी वॉल्व्ह अगदी काठावर उभा असतो आणि ई रेंजवर तो मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो, मग सेन्सर असो वा नसो.

आणि नेमकं इथेच चांगल्या हेतूने केलेलं काम अंगावर येतं. ट्रेलरबरोबर आलेल्या टायरांवर भरवसा नाही म्हणून मालक टायर बदलतो. एसटी २२५/७५ आर १५ या मापात डी रेंजचा टायर ६५ पीएसआयला २,५४० पाउंड पेलतो, ई रेंजचा ८० पीएसआयला २,८३० पाउंड. तेव्हा ई रेंज घेणं शहाणपणाचंच. पण दुकानदार नव्या टायरबरोबर फडताळातला नवा वॉल्व्ह घालतो आणि तो असतो पुन्हा टीआर ४१३. बिलावर ‘नवे वॉल्व्ह’ असं लिहिलेलं असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. तुमचे टायर तुम्ही वरच्या रेंजचे केले असतील, तर पुढचं काही वाचण्याआधी बाहेर जाऊन वॉल्व्ह पाहून या.

आता सेन्सरच्या वजनाचं. टोपीसारखा सेन्सर हातात घेतला तर जेमतेम दहा-पंधरा ग्रॅमचा, एवढ्याशा वजनाने काय होणार असं वाटतं. पण तो फिरत्या चाकावर आहे. ट्रेलर ताशी ६५ मैलांनी चालला असेल, तर १५ इंची रिमचं चाक मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. वॉल्व्हचं टोक चाकाच्या मध्यापासून १७ सेंटिमीटरवर धरलं, तर तिथल्या वस्तूवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १२० पट जोर येतो. पंधरा ग्रॅमचा सेन्सर त्या वेगाला पावणेदोन किलोंहून जड होतो आणि वॉल्व्हचा शेंडा बाहेरच्या बाजूला, टायरकडे ओढत राहतो. थांबलात की वॉल्व्ह सरळ, निघालात की पुन्हा वाकलेला. त्यात रस्त्याचे हादरे, उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने कडक होत जाणारं रबर. वॉल्व्ह जिथे रिमच्या भोकातून बाहेर येतो, तिथे बुडाशी, चाकाच्या मध्याकडच्या बाजूला रबर ताणलं जातं, आणि पहिल्या चिरा तिथेच पडतात.

सेन्सर नसतानाही रबरी वॉल्व्ह चिरतात. २००६ मध्ये बनलेले आणि अमेरिकेत विकले गेलेले असे लाखो वॉल्व्ह बाहेरून चिरत असल्याचं २००८ मध्ये उघडकीला आलं आणि ते परत मागवावे लागले होते. ट्रेलरचं तर दुप्पट वाईट, कारण तो वर्षातले बरेच महिने एका जागी उन्हात उभा असतो. टायर चालून झिजण्याआधी वयानेच संपतात, आणि वॉल्व्ह त्यांच्याही आधी.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साधी टोपी असताना हवा वॉल्व्हच्या आतल्या पिनने अडवलेली असते, टोपीचं काम फक्त धूळ आणि पाणी बाहेर ठेवण्याचं. सेन्सरला आतली हवा मोजायची असते, त्यामुळे तो लावला की ती पिन कायम दाबलेली राहते. म्हणजे आता हवा अडवते ती सेन्सरच्या आतली छोटीशी रबरी चकती, दुसरं काही नाही. ती चकती दबून बसली, त्यावर वाळूचा एक कण आला किंवा सेन्सर जरा तिरका आट्यात गेला, तर गळती सुरू. म्हणूनच शोध घेताना वॉल्व्हचं बूड आणि सेन्सरचं तोंड हे दोन संशयित वेगवेगळे तपासायचे.

तपासणीची सुरुवात आकड्यांपासून करा. सकाळी ऊन पडण्याआधी, ट्रेलर निदान तीन तास हललेला नसताना, सगळ्या चाकांचे आकडे लिहून ठेवा. चारही आकडे मिळून खाली गेले असतील तर ती गळती नाही, थंडी आहे. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की पावणेदोन पीएसआय जातात. दुपारी ९० अंशांत हवा भरून दुसऱ्या पहाटे ५० अंशांत पाहिलीत, तर सात पीएसआय कमी दिसणारच. उंचीचाही परिणाम होतो, दर हजार फुटांना अर्ध्या पीएसआयच्या आसपास. समुद्रसपाटीला भरून डेन्व्हरला पोचलात तर आकडा अडीचने चढलेला दिसेल, आणि तिथे जुळवून घेऊन खाली उतरलात तर कमी दिसेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा वेगळं वागत असेल तरच पुढे जा.

मग हातातल्या चांगल्या गेजने त्या चाकाची हवा मोजा. गेज आणि सेन्सर यांच्यात दोन-तीन पीएसआयचा फरक असेल आणि तो रोज तेवढाच राहत असेल, तर दुर्लक्ष करा. सेन्सरचा आकडा घसरतो आणि गेजचा नाही, असं असेल तर सेन्सर किंवा त्याची बॅटरी बघा. दोन्ही मिळून घसरत असतील तर हवा खरोखर जाते आहे.

आता साबणाचं पाणी. भांडी घासायचा साबण पाण्यात दाट कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरा. आधी सेन्सर आणि वॉल्व्ह जिथे मिळतात तिथे मारा आणि पूर्ण एक मिनिट थांबा. दिवसाला चार पीएसआयची गळती म्हणजे काही भसाभसा बुडबुडे येत नाहीत. मोहरीएवढा फेसाचा पुंजका हळूहळू वाढताना दिसतो, आणि घाई केली तर तो नजरेतून सुटतो. मग वॉल्व्हच्या बुडाशी, रिमच्या भोकाभोवती. तिथे काही दिसलं नाही तर सेन्सर धरून वॉल्व्ह हळूच बाहेरच्या बाजूला वाकवा आणि वाकवलेलाच धरून पाणी मारा. ही पायरी टायरवाले सहसा करत नाहीत, कारण ते चाक काढून, सेन्सर उतरवून टाकीत बुडवतात. सरळ उभ्या वॉल्व्हची चीर मिटलेली असते, मग टाकीत काय दिसणार? शेवटी टायरची कड रिमला टेकते ती गोल रेघ दोन्ही बाजूंनी आणि नक्षीचा भाग.

तरी काही सापडलं नाही तर सेन्सर काढा, हवा पुरती भरा, साधी टोपी लावा आणि एक-दोन रात्री जाऊ द्या. हवा टिकली तर गळती सेन्सरच्या तोंडाशी होती. नाही टिकली तर वॉल्व्हची पिन, वॉल्व्हचं बूड किंवा रिम. वॉल्व्हची पिन काही सेंटांत मिळते आणि पाच मिनिटांत बदलते, म्हणून बाकी काही करण्याआधी ती बदलून बघायला हरकत नाही. फक्त पिन काढताना टायरमधली सगळी हवा जोरात बाहेर येते, तेव्हा तोंड बाजूला ठेवा आणि ट्रेलर आधी जॅकवर किंवा ठोकळ्यावर घ्या.

आमचे साडू डॅलसजवळ राहतात. त्यांचा दोन अॅक्सलचा ट्रेलर, ई रेंजचे टायर, वर टोपीचे सेन्सर. उजवीकडचं मागचं चाक त्यांना सतावत होतं. “अहो, सेन्सरच खराब आहे, दुसरा मागवलाय,” असं ते फोनवर म्हणाले होते. मी गेलो तेव्हा दुसरा सेन्सर लागलेला होता आणि हवा तशीच उतरत होती. वॉल्व्ह लांबून नवाच दिसत होता, काळा, तुकतुकीत. अंगठ्याने वाकवला मात्र, बुडाशी बारीक रेघांचं अर्धवर्तुळ उघडलं. एकीत तर नख जाईल एवढी फट होती आणि तिच्या तळाशी पितळेची पिवळी कड दिसत होती. रबराचं वेष्टण जवळजवळ पितळेपर्यंत फाटलेलं. त्या अवस्थेत तो ट्रेलर ह्यूस्टनपर्यंत जाऊन आलेला होता. त्यांनी स्वतः वाकवून पाहिला, काही बोलले नाहीत, आणि बाकीचे तीनही वॉल्व्ह आपल्या हाताने तपासले. दोघांवर चिरांची सुरुवात झालेली होती.

असा वॉल्व्ह हळूहळू गळतो तोवर नशीब म्हणायचं. हायवेवर तो बुडातून सुटला तर टायर काही सेकंदांत रिकामा होतो. दोन अॅक्सलच्या ट्रेलरमध्ये एक चाक बसलं की त्याचं ओझं शेजारच्या चाकावर जातं आणि थोड्या वेळाने तेही फुटायला येतं. फुटलेल्या टायरच्या पट्ट्या चाकाच्या घेरातली फळी, खालच्या वायरी, कधी गॅसची नळी ओरबाडून काढतात. सेन्सर आपण यातून वाचण्यासाठी लावतो. त्याच्याच वजनाने हे घडू देणं मला पटत नाही, आणि म्हणून ‘तूर्त चालतंय ना’ या युक्तिवादाला मी कधी होकार देत नाही.

वॉल्व्ह निवडताना दुकानात नेमकं काय मागायचं, हे आता पाहू.

आपल्याला पाहिजे तो वॉल्व्ह क्लॅम्प-इन किंवा बोल्ट-इन या नावाने मिळतो. अंग सगळं धातूचं, रिमच्या आतल्या बाजूला रुंद डोकं, भोकाशी जाड रबरी वॉशर आणि बाहेरून नट. ०.४५३ इंचाच्या भोकासाठी टीआर ४१६ हा नेहमीचा नंबर. टीआर ४१६ एस या पाकिटात दोन मापांचे वॉशर येतात, त्यामुळे तो ०.६२५ इंचाच्या मोठ्या भोकालाही बसतो. या वॉल्व्हची मर्यादा २०० पीएसआय, म्हणजे जी रेंजचे टायर असले तरी काळजी नाही. भोकाचं माप अंदाजाने ठरवू नका. बहुतेक ट्रेलर रिम ०.४५३ च्या असतात, पण १६ इंच आणि त्यावरच्या काही जड रिमांना मोठं भोक असतं. छोट्या भोकाचा वॉशर मोठ्या भोकात कसाबसा आवळला, तर तो पहिल्या दिवशी टिकतो आणि उन्हाळ्यात सरकतो. टायर उतरवल्यावर कॅलिपरने मोजणं हाच खात्रीचा मार्ग.

फसवणूक कुठे होते ते सांगतो. अॅल्युमिनियमच्या रिमा असलेल्या ट्रेलरांवर चकचकीत, चांदीसारखे दिसणारे वॉल्व्ह असतात. मालक म्हणतो, माझे तर आधीपासून धातूचेच आहेत. त्यातले पुष्कळसे साधे रबरी वॉल्व्हच असतात, वरून फक्त क्रोमची नळी आणि तशीच टोपी चढवलेली. नळी काढली की आत टीआर ४१३. ओळखायची खूण एकच, बुडाशी नट आहे का? नट असेल तर धातूचा. नट नसेल आणि बुडाशी काळं रबर भोकात शिरताना दिसत असेल, तर वर काहीही चमकू दे, तो रबरीच. उलट या नळीमुळे बुडाच्या चिरा झाकल्या जातात, हा जास्तीचा तोटा.

मधला एक प्रकार आहे, टीआर ६०० एचपी. हाही ओढून बसवायचा, पण आत धातूचा भाग जास्त आणि रबर जाड. त्याची मर्यादा बनवणाऱ्याप्रमाणे ८० किंवा १०० पीएसआय. डी रेंजचा टायर आणि हलका टोपीचा सेन्सर एवढंच असेल, तर हा चालतो. मी तरी सुचवणार नाही, कारण टायर उतरवण्याची मजुरी तेवढीच पडते आणि वॉल्व्हच्या किमतीतला फरक काही डॉलरांचा असतो. सेन्सर जर फ्लो-थ्रू प्रकारचा असेल, म्हणजे तो न काढता त्याच्यातूनच हवा भरता येते असा, तर प्रश्नच उरत नाही. तो टोपीच्या सेन्सरपेक्षा लांब आणि जड असतो, आणि असे सेन्सर बनवणारे बहुतेक जण आपल्या पुस्तिकेत धातूचाच वॉल्व्ह वापरा असं लिहितात.

धातू कोणता, हे मात्र विचारून घ्या. पितळेवर निकेल किंवा क्रोमचा मुलामा दिलेला वॉल्व्ह घ्यावा. रंगीत, हलके, शोभेचे अॅल्युमिनियमचे वॉल्व्ह टाळावेत. सेन्सरच्या आतले आटे बहुधा पितळेचे असतात. पितळ आणि अॅल्युमिनियम एकत्र आले आणि मध्ये खारट पाणी गेलं की अॅल्युमिनियम खाऊन जातं, पांढरी भुकटी धरते आणि आटे एकमेकांत जाम होतात. मिशिगन, ओहायो, ऑन्टारिओ इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मार्चमध्ये ट्रेलर बाहेर काढला तरी ते मीठ रस्त्याच्या कडेला असतंच. गॅल्व्हेस्टनसारख्या समुद्रकाठच्या कॅम्पग्राउंडवर आठवडाभर राहिलात तरी तेच. मग बॅटरी बदलायला सेन्सर फिरवायला जावं, तर सेन्सर फिरत नाही आणि वॉल्व्हच पिरगळला जातो. वॉल्व्हची पिनसुद्धा निकेलचा मुलामा असलेली घ्यावी.

लांबी जितकी कमी तितकी चांगली. शेंड्यावरचं ओझं तेवढंच असलं तरी वॉल्व्ह लांब झाला की बुडावरचा ताण वाढतो, मग तो धातूचा का असेना. आटे रिमच्या बाहेर पूर्ण यावेत, सेन्सर फिरवताना बोटं शिरावीत आणि सेन्सर रिमला किंवा चाकाच्या झाकणाला कुठेही घासू नये, एवढी लांबी पुरते. वॉल्व्हला वेगळी नळी जोडून त्यावर सेन्सर लावणं तर अजिबात नको. अॅल्युमिनियमच्या रिमांत वॉल्व्हचं भोक बहुधा खोलगट खळीत असतं, तिथे नट सपाट बसतो का आणि त्यावर पाना चढतो का, हे आधी पाहावं. नट खळीच्या कडेवर तिरका टेकला, तर वॉशर एका बाजूने दबतो आणि गळती नव्याने सुरू होते.

बसवण्याचं काम टायरच्या दुकानातच होतं, कारण नटाचा वॉल्व्ह आतून घालावा लागतो आणि त्यासाठी टायरची निदान एक कड रिमवरून उतरवावी लागते. चाकं घरी काढून दुकानात नेलीत तर पैसे वाचतात. जॅक ट्रेलरच्या चौकटीला लावा. अॅक्सलच्या नळीखाली लावू नका, अॅक्सल बनवणाऱ्यांच्या पुस्तिका त्याला स्पष्ट मनाई करतात, कारण ती नळी वाकते आणि मग टायर एका बाजूने झिजायला लागतात.

दुकानात वॉल्व्ह स्वतः घेऊन जा, हा माझा आग्रह आहे. काउंटरवरच्या माणसाला ‘मेटल वॉल्व्ह’ म्हणजे क्रोमच्या नळीचा असं वाटण्याची शक्यता बरीच. जुना वॉल्व्ह निघाल्यावर भोकाभोवतीची जागा साफ करून घ्यायला सांगा. स्टीलच्या रिमवर रंगाचे पापुद्रे आणि गंज असतो, अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी, आणि रबरी वॉशरला खाली गुळगुळीत जागाच हवी. नट टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानेच, आवळायला सांगा, पाकिटावर दिलेल्या आकड्याला. तो आकडा इंच-पाउंडांत असतो. फूट-पाउंड समजून आवळला तर वॉशर चिरडून बाहेर येतो, आणि नुसत्या अंदाजाने आवळला तर ढिला राहतो. हवेवर चालणाऱ्या, नट आवळायच्या बंदुकीने तर नकोच.

सेन्सर लावून चाक बॅलन्स करून घ्या. पंधरा ग्रॅमचा सेन्सर आणि वाढीव वजनाचा वॉल्व्ह एकाच जागी आला की चाक एका बाजूला जड होतं. ट्रेलरची चाकं बॅलन्स करायची गरज नाही असं काही दुकानदार सांगतात, कारण ट्रेलरमध्ये बसून तो हादरा कुणाला जाणवत नाही. पण तो आतल्या कपाटांना, बेअरिंगांना आणि टायरला जाणवतो.

टायरमध्ये गळती बुजवणारा द्रव आधी कधी घातला असेल तर दुकानदाराला सांगा आणि आतून पुसून घ्या. तो द्रव वॉल्व्हच्या नळीतून सेन्सरच्या बारीक भोकात गेला की सेन्सर चुकीचे आकडे दाखवतो किंवा बंदच पडतो.

चाकं परत चढवल्यावर लग नट, म्हणजे चाक धरून ठेवणारे नट, टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांनंतर थांबून पुन्हा तपासा. याचा वॉल्व्हशी संबंध नाही, पण चाक काढलं की हे आलंच. हवा भरून झाल्यावर सेन्सर लावण्याआधी वॉल्व्हच्या नटाभोवती साबणाचं पाणी मारा. फेस आला तर आधी हवा काढा आणि मग नटाला हात लावा. सेन्सर लावताना आट्यांना डायलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी हलका हात द्या, सेन्सरच्या भोकात ते जाणार नाही एवढं बघून. सेन्सर बोटांनी घट्ट करा, पकड लावू नका. लावल्यावर त्याच्या तोंडाशीही एकदा साबणाचं पाणी. पुढे दर हंगामात एकदा सगळे सेन्सर उतरवून, आटे पुसून, आतली रबरी चकती पाहून परत लावले की ते कधी जाम होत नाहीत.

अलार्मची मर्यादा थंड टायरच्या आकड्यावरून ठरवा. कमी हवेचा इशारा त्याच्या १० ते १५ टक्के खाली ठेवला, तर गळती वेळेत कळते आणि थंड पहाटे उगाच ओरडाही होत नाही. मोटारीतली यंत्रणा २५ टक्के उतरल्यावर दिवा लावते, तेवढी सवलत ओझ्याखालच्या ट्रेलर टायरला देऊ नये. ८० पीएसआयचे २५ टक्के खाली म्हणजे ६०, आणि तेवढ्या हवेवर भरलेला ट्रेलर उन्हात ओढणं म्हणजे टायर आतून भाजणं. तापमानाचा आकडा मात्र तुलनेपुरताच घ्या. सेन्सर बाहेर वाऱ्यात असतो, टायरच्या आतली खरी उष्णता तो दाखवत नाही. एक चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम दिसायला लागलं, तर थांबून ब्रेक आणि बेअरिंग पाहा.

पुण्या-मुंबईतले काही नातेवाईक मोटारीला असेच टोपीचे सेन्सर लावतात आणि विचारतात की आम्हीही वॉल्व्ह बदलायचे का. मोटारीच्या टायरमध्ये ३३ पीएसआयच्या आसपास हवा असते, म्हणजे दाबाच्या हिशोबाने रबरी वॉल्व्ह मर्यादेच्या पुष्कळ आत असतो. वजनाचा ताण मात्र तिथेही आहेच. टायर बदलताना वॉल्व्ह नवे घालावेत, आणि अधूनमधून वाकवून बुडाशी चिरा आहेत का ते पाहावं, एवढं पुरेसं आहे. एक्स्प्रेसवेवर रोजची धावपळ असेल, तर पुढच्या टायरबदलीला नटाचे वॉल्व्ह घालून घेणं उत्तम.

चार चाकांचे वॉल्व्ह बदलताना स्टेपनी विसरू नका. ती ट्रेलरच्या मागे कव्हरखाली असते आणि तिच्यावर बहुधा ट्रेलर बनला तेव्हाचाच रबरी वॉल्व्ह असतो. रस्त्यात चाक बदलायची वेळ आली की सेन्सर काढून तिच्यावरच चढवावा लागणार, म्हणून पाचवा वॉल्व्हही त्याच खेपेला बदलून घ्या. हत्यारांच्या डब्यात पिन काढायचा छोटा पाना, दोन-चार निकेलच्या पिना, सेन्सरच्या जादा रबरी चकत्या आणि पाच साध्या टोप्या ठेवा. सेन्सर वाटेत बिघडला, तर तो काढून टोपी लावून पुढे जाता येतं.